खडकावरचे नारिंगी शैवाक

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ज्या नारिंगी थराला तू खडकाचा गंज म्हटलेस, ते तुझ्या वर्णनावरून झँथोरिया पॅरिएटिना नावाचे, पानासारखे पसरणारे शैवाक (लायकेन) असावे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली त्याची नोंद केली होती. त्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेलगत काळ्या शैवाकांचा पट्टा असतो, त्यावर लाटांचे तुषार पोहोचतात तिथे हा नारिंगी पट्टा आणि आणखी वर करड्या शैवाकांचा.

त्याचा रंग पॅरिएटिन या द्रव्याचा. ते वरच्या थरात साठते आणि निळा व अतिनील प्रकाश शोषून आतल्या हिरव्या पेशींचे रक्षण करते. म्हणूनच सावलीत वाढलेले हेच शैवाक हिरवट-करडे दिसते, आणि नवख्याला ते निराळ्याच जातीचे वाटते.

मला मात्र रंगापेक्षा त्याच्या संसाराचे नवल अधिक वाटते. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचे एकत्र जगणे, हे तुला ठाऊकच आहे. पण या जातीच्या नारिंगी चकत्यांतून जे बीजाणू उडतात ते केवळ बुरशीचे असतात, आणि रुजल्यावर ट्रेबोक्सिया हे शैवल गाठल्याशिवाय त्यांतून नवे शैवाक घडत नाही. अनेक शैवाके दोन्ही भागीदारांची एकत्र पुडी सोडतात. हिने ती सोय ठेवलेली नाही. तरीही ती इतकी सर्वत्र कशी? एक वाट अशी, की हे शैवाक खाणाऱ्या माइट्स या कोळ्यांच्या जातकुळीतल्या सूक्ष्म जीवांच्या विष्ठेत बीजाणू आणि शैवलपेशी दोन्ही जिवंत सापडल्या आहेत. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर याने १८६०च्या दशकात शैवाकांचे हे दुहेरी रूप मांडले, तेव्हा बुरशीला त्याने धनी आणि शैवलाला गुलाम ठरवले होते. भल्याभल्या शैवाकतज्ज्ञांनी त्याची टर उडवली. ही उपमा मलाही पटत नाही, कारण इथे प्रत्येक पिढीत धन्यालाच दारोदार फिरावे लागते!

आणि ‘शैवाक दिसले म्हणजे हवा शुद्ध’ हे तुझे वाक्य इथे लागू पडत नाही. या जातीला नायट्रोजन मानवतो. समुद्रपक्षी बसतात त्या खडकांवर ती माजते, आणि किनाऱ्यापासून दूर, गोठ्यांजवळच्या झाडांवर ती दाट दिसली तर हवेत अमोनिया वाढल्याची शंका घ्यावी.

तुझा,
श्रीधर