धुक्याआडचे काम

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीतील एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश छायाचित्रकार पीटर हेन्री एमर्सन याच्यावरचा लेख वाचला. खेड्यातल्या कष्टांवर एमर्सनने धुक्याचा पडदा ओढला आणि शहरी रसिकांपुढे गोडगोड चित्रे ठेवली, हा लेखकाचा आरोप. तो अर्धाच खरा आहे.

लेखासोबत छापलेले पाणकमळांचे छायाचित्र १८८६ च्या ‘लाइफ अँड लँडस्केप ऑन द नॉरफोक ब्रॉड्स’ या संग्रहातले. (ब्रॉड्स म्हणजे पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातली उथळ तळी.) होडीत वल्ही धरलेला पुरुष, पाण्याकडे वाकलेली बाई. जोडपे नौकाविहाराला निघाले असावे, असेच कुणालाही वाटेल. पण त्याच संग्रहात मासे धरायचे कड्यांचे जाळे लावतानाचेही छायाचित्र आहे. टेंच मासा भुलून आत शिरावा म्हणून अशा जाळ्यात फुले ठेवायची जुनी रीत होती. दोन्ही चित्रे शेजारी ठेवा, म्हणजे विहार संपतो आणि धंद्याची तयारी दिसू लागते. दलदलीतून परतणाऱ्यांचे लांब बूट, कापलेले गवत दोन दांड्यांवर उचलून नेण्याची पद्धत, हेही त्याने नीट टिपले आहे. त्याच काळातले नामवंत छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सन भल्या घरच्या मुलींना खेडवळ कपडे चढवून उभे करत. एमर्सनला या सोंगाची चीड होती.

राहिले धुके, म्हणजे छायाचित्रातला मुद्दाम ठेवलेला अस्पष्टपणा. डोळ्याला एका वेळी एकच भाग स्पष्ट दिसतो, म्हणून छायाचित्रातही तसेच असावे, हा त्याचा सिद्धान्त. त्यात कष्ट लपवण्याचा डाव शोधणे मला ओढूनताणून वाटते. (पुढे दोन-चार वर्षांतच छायाचित्रण ही कला नव्हेच, असे म्हणून तो मोकळा झाला. माणूस हट्टी होता!)

त्याला खरे पकडायला हवे ते दुसरीकडे. १८७२ मध्ये जोसेफ आर्चने इंग्लंडमधील शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १८७४ मध्ये पूर्वेकडच्या परगण्यांतल्या शेतमालकांनी संघटनेत गेलेल्यांना कामावरून बाहेर काढले. १८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या असंख्य मजुरांना मताचा हक्क मिळाला आणि १८८५ मध्ये, एमर्सन त्या भागात कॅमेरा घेऊन हिंडत असताना, एकेकाळी स्वतः शेतमजूर असलेला आर्च वायव्य नॉरफोकमधून संसदेत निवडून गेला. एमर्सनच्या छायाचित्रांतला मजूर मात्र गवताखाली वाकलेलाच राहतो. मतदाराची त्यात चाहूलही नाही. लेखातही ती नाही, याचे जास्त आश्चर्य वाटले.

लेखकाने ब्रॉड्सला ‘मानवी हात न लागलेला निसर्ग’ म्हटले आहे. ती तळी म्हणजे मध्ययुगात जळणासाठी पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा थर) खणून काढल्यावर पाण्याने भरलेले खड्डे आहेत, हे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. एमर्सनला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आजच्या लेखकाला सवलत का द्यावी? त्या नयनरम्य पाण्याचा तळच मजुरांनी खणलेला आहे.

जाता जाता एक विनंती. दर पावसाळ्यात भातलावणीच्या छायाचित्राखाली आपण ‘हिरवा गालिचा’ छापता. यंदा चिखलात वाकलेल्या त्या बायकांचे गाव कोणते आणि दिवसाची मजुरी किती, एवढे छापता येईल का?

– एक वाचक, कोल्हापूर