सरकारी मालकाशी ‘बसून बोला’ म्हणजे नेमके कुणाशी?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला भाडेकरूंच्या हक्कांविषयीचा लेख रात्री वाचला. सकाळपर्यंत राग ओसरेल म्हणून तेव्हा लिहायला बसलो नाही. ओसरलेला नाही. “मालकाशी समोरासमोर बसून बोला, निम्मे वाद तिथेच मिटतात” हे वाक्य मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, “कुठल्या खिडकीसमोर बसायचं तेही विचारा त्यांना.”

लेखक वकील आहेत आणि सद्हेतूने लिहितात, याबद्दल शंका नाही. पण आमच्यासारख्यांचा मालक ही व्यक्ती नसून सरकारी खाते असते, हे त्यांच्या गावीही नाही. खासगी मालक निदान जिन्यात भेटतो, दिवाळीला तोंडदेखलं का होईना हसतो. आमचा मालक मला ३१ वर्षांत एकदाही दिसलेला नाही. त्याच्या वतीने जे दिसतात ते दर तीन वर्षांनी बदलून जातात, आणि नवा आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “तुम्ही तिथे राहता कशाच्या आधारावर?”

मालकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. सुनावणी अजून संपायची आहे आणि मला त्याच घरात राहायचे आहे.

मुख्य तक्रार अशी की लेखात भाडे नियंत्रण कायद्यातली सगळी गोड कलमे दिली, एक कडू कलम गाळले. मालकाने दुरुस्ती केली नाही तर १५ दिवसांची नोटीस द्या, स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. बरोबर. भाड्याची पावती न देणे हा गुन्हा, पाणी-वीज तोडणे हाही गुन्हा. तेही बरोबर. पण हा १९९९ चा अधिनियम, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याचे कलम ३ म्हणते की सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागूच नाही. म्हणजे जो कायदा सरकारने मालकांना शिस्त लावायला केला, त्यातून मालक या नात्याने सरकार पहिल्याच पानांवर बाहेर पडले. एवढी एक ओळ लेखात चौकटीत टाकली असती तर पुरवणीच्या अर्ध्या पानावर पसरलेली ती छत्रीची जाहिरात जरा लहान झाली असती, इतकेच.

ही ओळ मला महागात पडली आहे. हाच सल्ला आपल्याच पुरवणीत दोन वर्षांपूर्वी, बहुधा याच मथळ्याखाली, आला होता. तेव्हा आमच्या छताला गळती लागलेली होती. स्लॅबचा पोपडा पडून आतली सळई दिसत होती आणि रात्री माझ्या उशाशी बादली असे. थेंब पडायचा आवाज रिकाम्या बादलीत वेगळा, अर्ध्या भरलेल्या बादलीत वेगळा. आवाजावरून मी न उठता सांगत असे की आता ओतायला हवी. कार्यालयात तीन अर्ज दिले, तिन्हींवर आवकचा शिक्का घेतला. उत्तर एकाचे आले: “सदर काम अंदाजपत्रकासाठी प्रस्तावित आहे.” मग आपला लेख वाचला. रीतसर नोटीस दिली, १५ ऐवजी ३० दिवस थांबलो, गवंडी लावून काम करून घेतले. खर्च बराच झाला, पण मी कायदा पाळणारा माणूस. वर्षाचे एक चतुर्थांश म्हणजे तीन महिन्यांचे भाडे, तेवढेच वळते केले आणि बिलाची प्रत जोडून तसे कळवले.

आठ महिन्यांनी नोटीस आली. थकबाकीदार म्हणून जागा खाली का करू नये, याचा खुलासा करा. थकबाकी तीन महिन्यांची नव्हे, १७ महिन्यांची.

तीन महिने समजू शकतो. उरलेले १४ कुठून आले? पावत्यांची फाईल घेऊन गेलो. कारकुनाने एकेक पावती उलटून पाहिली, मान डोलावली आणि म्हणाला, “पावत्या बरोबर आहेत हो काका. पण खतावणीत जमा नाही. आम्ही खतावणीवर चालतो.” साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये होते. दुसऱ्या दिवशीही व्हीसीत होते. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले, “तुमचं जे काही असेल ते सुनावणीत मांडा.”

सुनावणीची गंमत लेखात कुठेच नाही, म्हणून सांगतो. खासगी मालकाला भाडेकरू काढायचा तर त्याला न्यायालयात जावे लागते. सार्वजनिक जागांसाठी वेगळे कायदे आहेत: केंद्राचा १९७१ चा, राज्याचा १९५५ चा, आणि मुंबई महापालिकेसाठी १८८८ च्या अधिनियमातले कलम १०५-ब. यातला मला कोणता लागू आहे ते सोडा. तिन्हींचा सांगाडा एकच. नोटीस काढायची, म्हणणे ऐकायचे आणि आदेश द्यायचा, हे सगळे एक अधिकारी करतो. अपील आहे, नाही असे नाही, पण केंद्राच्या कायद्यात त्याला १२ दिवसांची मुदत आहे. आमचे अधिकारी त्याच इमारतीत दोन मजले वर बसतात. थकबाकीचा तक्ता खाली तयार होतो, निकाल वर लागतो, आणि दोन्हीकडे फाईल नेणारा शिपाई एकच आहे. भला माणूस आहे. त्यानेच मला सांगितले की वादाला लागण्याआधी खतावणीची प्रत काढा.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. आपल्या राज्यात तो १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे माझे नेहमीचे पाल्हाळ आपोआप गळाले. दहा रुपयांचा स्टॅम्प लावला. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते; एकोणतिसाव्या दिवशी प्रत मिळाली, ही कौतुकाची गोष्ट आहे आणि ती मी मोकळेपणाने लिहितो.

माझी खोली २९ नंबरची. खतावणीत मध्येच एक नवा हात आलेला दिसतो. अक्षर सुंदर, पण ९ ची शेपटी काढायचा कंटाळा. २९ नंबरच्या पानावर माझे भाडे जमा नाही, आणि २१ नंबरच्या पानावर दर महिन्याला दोनदा जमा आहे. एकदा त्यांचे, एकदा माझे. सलग १४ महिने. त्या पानाच्या तळाशी लाल शाईने लिहिले होते, “आगाऊ भरणा”.

२१ नंबरमध्ये एक काकू एकट्या राहतात. त्यांना विचारले तर म्हणाल्या, “मला मेलीला वाटलं, ज्येष्ठ नागरिकांना काहीतरी सवलत लागली.” सुनावणीला त्या आपणहून माझ्याबरोबर आल्या. स्वतःच्या पावत्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “माझं भाडं मी भरते साहेब, याचं मला कशाला?” अधिकाऱ्यांनी खतावणी मागवली, चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेले. कारकून मागून हळूच म्हणाला, “तो नऊच आहे सर. शेपूट जरा आखडलीय.”

इथे वाद मिटायला हवा होता. पण चुकीची नोंद दुरुस्त करायला चूकदुरुस्ती आदेश लागतो, तो सक्षम अधिकाऱ्याचा लागतो, आणि सुनावणी चालू असताना तो काढता येतो की नाही याबद्दल मार्गदर्शन मागवावे लागते. त्यात पाच महिने गेले. मधल्या काळात पहिल्या सोमवारी लोकशाही दिनालाही जाऊन आलो. तिथे सांगितले, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, घेता येत नाही. मी म्हटले, अहो, कुठल्या न्यायालयात? सुनावणी तर मालकाचाच माणूस घेतोय! त्यांनी टोकन परत घेतले.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की सार्वजनिक संस्थेला भाडे कायद्यातून सूट मिळाली म्हणून तिने मनमानी करायची नाही. मालक म्हणूनही तिचे वागणे न्याय्य आणि सकारण असले पाहिजे. वाचून फार बरे वाटले. पुढे वाचले तर तो भाडेकरू खटला हरला होता.

असो. अखेर गेल्या महिन्यात १४ महिने माझ्या पानावर आले. काकूंचा आगाऊ भरणा गेला, त्याची त्यांना थोडी हळहळ आहे. आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती: नव्या घरांच्या सोडतीत पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देतानाचा फोटो आपण दरवेळी चार कॉलमी छापता. ती किल्ली मिळून वीस वर्षे झालेल्या एखाद्याकडेही कधी वार्ताहर पाठवा. आणि विषय निघालाच आहे तर, आपल्या सुडोकूतही १ आणि ९ हल्ली एकसारखे दिसतात. माझी दोन कोडी त्यापायी बिघडली. एकदा छपाई विभागात सांगावे.

उरला तीन महिन्यांचा, म्हणजे दुरुस्तीपोटी कापलेल्या भाड्याचा प्रश्न. तो व्याजासह अजून माझ्या नावावर आहे. मागच्या तारखेला अधिकाऱ्यांनी विचारले, “भाड्यातून खर्च कापता येतो हे तुम्हाला सांगितलं कुणी?” मी म्हटले, पेपरात आले होते. त्यांनी ते रोजनाम्यात लिहून घेतले आणि पुढच्या तारखेला कात्रणाची साक्षांकित प्रत आणायला सांगितली. दोन वर्षांपूर्वीचा अंक माझ्याकडे आहे, पण साक्षांकन आपल्या कार्यालयातून होते की बाहेरून करून आणावे लागते, तेवढे कृपया कळवावे. तारीख येत्या मंगळवारी आहे.

आपला,
एक भाडेकरू, खोली क्र. २९ (नाव छापू नये. आकडा मात्र नीट छापावा.)