बोट कोठे बांधायची, हे निविदेच्या आधी ठरते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फेरीबोटी चीनमध्ये बांधून घेण्यावरून उठलेल्या वादाविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. देशाचा अभिमान राखायचा की जनतेचा पैसा वाचवायचा, असा पेच त्यात मांडला होता. मी सत्तावीस वर्षे मुंबईतील गोदीत वेल्डिंगच्या तपासणीचे काम केले आणि मुलगी त्याच प्रांतातील व्हिक्टोरियाला राहत असल्याने त्या फेरीबोटींतून अनेकदा प्रवासही केला आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की हा पेच फार उशिरा मांडला गेला आणि म्हणूनच तो सुटत नाही.

सार्वजनिक मालकीच्या, परंतु २००३ पासून स्वतंत्र कंपनी म्हणून चालणाऱ्या बीसी फेरीजने जून २०२५ मध्ये चार मोठ्या बोटींचे काम चीनमधील वेहाई येथील सरकारी गोदीला दिले. त्या २०२९ ते २०३१ या काळात मिळायच्या आहेत. हे काम देण्याच्या तीनच महिने आधी चीनने कॅनडाच्या कॅनोला तेलावर आणि वाटाण्यावर १०० टक्के, तर मासळीवर २५ टक्के कर लादला होता, त्यामुळे लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. कामगार संघटनेने विरोध केला, केंद्रातील तेव्हाच्या वाहतूकमंत्री क्रिस्टिया फ्रीलँड यांनी नाराजीचे पत्र लिहिले आणि पाठोपाठ केंद्राच्याच कॅनडा इन्फ्रास्ट्रक्चर बँकेने या कामासाठी १ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केल्याचे उघड झाले. या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. या कामासाठी कॅनडातील एकाही गोदीने निविदा भरली नव्हती. ज्याने बोलीच लावली नाही, त्याला काम द्या असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मुख्य भूमीवरील त्सावासेन ते व्हिक्टोरियाजवळचे स्वार्ट्झ बे हा दीड तासाचा प्रवास मी एकदा ‘स्पिरिट’ वर्गातल्या बोटीने केला. गाडी खाली लावून जिना चढताना सवयीने नजर भिंतीच्या पत्र्याकडे गेली. रंगाचे कितीतरी थर चढलेले असूनही खालची वेल्डिंगची रेघ एका हाताने ओढल्यासारखी सरळ दिसत होती. मी थांबून तिच्यावरून हाताचे बोट फिरवले, मागच्या प्रवाशांना माझ्यामुळे खोळंबावे लागले. या वर्गातल्या दोन्ही बोटी १९९३-९४ मध्ये त्याच प्रांतातल्या गोद्यांत बांधलेल्या आहेत. म्हणजे तेथल्या कामगारांना मोठी बोट बांधता येत नव्हती, हे म्हणणे खोटे आहे. परंतु याच दोन बोटींचे आयुष्य वाढवून त्या नैसर्गिक वायूवर चालवायची वेळ आली, तेव्हा त्या पोलंडमधील ग्दान्स्कच्या गोदीत पाठवाव्या लागल्या. पंचवीस वर्षांत घरची बोट घरी दुरुस्त करण्याची ताकदही उरली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

ती ताकद कशी गेली, हे सांगणे भाग आहे. ‘स्पिरिट’नंतर प्रांत सरकारने तीन वेगवान कॅटामरान (दुहेरी सांगाड्याच्या) बोटी स्थानिक गोद्यांतच बांधायचे ठरवले. ॲल्युमिनियमच्या इतक्या मोठ्या बोटी तेथे पूर्वी कोणी बांधल्या नव्हत्या, आणि हात बसायच्या आतच तारखा जाहीर झाल्या. २१ कोटी डॉलरचा अंदाज ४५ कोटींवर गेला, बोटींच्या लाटांनी किनारे धुपू लागले आणि २००३ मध्ये तिन्ही बोटी मिळून २ कोटी डॉलरही न येता विकल्या गेल्या. चूक आराखड्याच्या निवडीत आणि घाईत होती, शिक्षा मात्र गोदीला झाली. पुढच्या तीन मोठ्या बोटी जर्मनीत फ्लेन्सबुर्गला बांधल्या गेल्या, त्यानंतरच्या तीन पोलंडमध्ये. २०१० मध्ये केंद्र सरकारने परदेशातून येणाऱ्या मोठ्या फेरीबोटींवरचा २५ टक्के आयातकरही काढून टाकला. २०२५ मध्ये जे घडले, त्याचा निर्णय खरे तर २०१० मध्येच झाला होता.

घरच्या गोदीला काम दिले की सगळे आपोआप होते, असेही नाही. स्कॉटलंडने २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला दोन बोटींचे काम ९.७ कोटी पौंडांना दिले, तेही आराखडा पूर्ण होण्याआधी. पहिली बोट, ‘ग्लेन सॅनक्स’, २०१८ ऐवजी जानेवारी २०२५ मध्ये प्रवासी घेऊन निघाली आणि मधल्या काळात गोदीच सरकारला ताब्यात घ्यावी लागली. नंतरच्या चार बोटी तुर्कस्तानात दिल्या गेल्या, तर त्यांनाही उशीर झाला.

गोदीत काम केलेल्या कोणालाही विचारा, पहिल्या बोटीत पैसा जातो, दुसरीत हात बसतो आणि तिसरीपासून गोदी कमावू लागते. पत्रा कापायचे साचे तेच, नळांची वळणे पाठ झालेली, वेल्डरला कोणत्या कोपऱ्यात मान वाकडी करावी लागेल हेही ठाऊक. तिसरी बोट येणार की नाही हेच माहीत नसेल, तर शहाणा मालक निविदा भरणार नाही आणि चांगला वेल्डर तेथे टिकणार नाही.

हे आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो (गाड्या थेट बोटीत चढवून नेणारी) सेवा २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी आलेली बोट ग्रीसमध्ये बांधलेली होती. बोट चालवणारी कंपनी खासगी असली, तरी दोन्हीकडचे धक्के सार्वजनिक पैशातून उभे राहिले. त्या बोटीने मुंबईला जाणे फार सोयीचे झाले आहे आणि मी स्वतः तिचा नियमित प्रवासी आहे, त्यामुळे ती आणल्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र कोची वॉटर मेट्रोने एकाच आराखड्याच्या २३ विद्युत बोटींचे काम एकदम कोचीन शिपयार्डला दिले आणि त्यांतील बहुतेक बोटी आज तेथे धावत आहेत. आपल्याकडे तसा विचार का होऊ नये? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले आहे, परंतु अनुदान मिळाले तरी पुढची मागणी दिसल्याशिवाय गोदी माणसे कामावर ठेवणार नाही.

आपल्या दैनिकामार्फत माझी महाराष्ट्र सागरी मंडळाला विनंती आहे की, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांत पुढच्या पंधरा वर्षांत कोणत्या मापाच्या किती बोटी लागतील, त्यातील कोणत्या केव्हा निवृत्त होतील आणि नव्या बोटींचा आराखडा कोणता असेल, याचे वेळापत्रक मंडळाने पहिली निविदा काढण्याच्या निदान तीन वर्षे आधी जाहीर करावे.

आपला नम्र,
एक निवृत्त गोदी कर्मचारी,
अलिबाग, जि. रायगड