दान दिलेल्या गाडीला कायद्यात जागा द्या : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. २०१४ साली कर्ज काढून बोलेरो पिकअप घेतली. द्राक्षाचे क्रेट, बेदाण्याचे बॉक्स, शेणखत, गावातल्या लग्नांची भांडी, सगळं तिच्या हौद्यातून गेलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिलवडीच्या बाजूला भाकऱ्या आणि जनावरांची वैरण घेऊन आमची पोरं याच गाडीनं दिवसाला तीन-तीन खेपा करत होती. बँकेचा बोजा उतरून बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी मुलानं मोठी गाडी घेतली, तेव्हा हिचं काय करायचं हा प्रश्न आला. वडील म्हणाले, "हिनं आपल्याला उभं केलं. हिला बाजारात उभी करू नकोस, कुणाच्या तरी कामाला दे."

शेजारच्या जिल्ह्यात एक वृद्धाश्रम आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला, हिशेब चोख. भाजी, धान्य, गॅसच्या टाक्या आणायला दर आठवड्याला भाड्याचा टेम्पो लागतो, आणि त्या भाड्यात म्हाताऱ्यांच्या औषधांचे पैसे जातात. आम्ही नवे टायर घातले, पासिंग करून घेतलं, वर्षाचा विमा भरला आणि किल्ली त्यांच्या हातात द्यायला गेलो. द्यायला एक सकाळ पुरली असती. नावावर करायला पाच महिने झाले, अजून झालेलं नाही.

मी कुठल्या कार्यालयाला दोष देत नाही. खिडकीपलीकडचा माणूसही अडलेलाच होता. नाव बदलायचा फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आपण एकदा समोर घेऊन वाचावेत, ही माझी विनंती आहे. गाडी 'विकली' असंच तिथं लिहिलेलं आहे. घेणारा कुणाचा मुलगा, कुणाची पत्नी, कुणाची मुलगी, ते विचारलेलं आहे. संस्थेनं बापाच्या नावाच्या जागी काय लिहायचं? रक्कम शून्य म्हटलं की शंका येते. मग विश्वस्तांचा ठराव आणा, तो आणला की सगळ्या विश्वस्तांच्या सह्या आणा, त्या आणल्या की प्रतिज्ञापत्र आणा. संस्थेला आधार क्रमांक नसतो, त्यामुळे आधारवर चालणारी घरबसल्या सोयही तिच्या कामाची नाही. वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक स्वतः सत्तरीचे आहेत, दर वेळी एसटीनं येतात.

लोक म्हणतात, एवढं कशाला, गाडी देऊन टाक, कागद होतील सावकाश. तसं मी करणार नाही, आणि कुणी करूही नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की गाडी कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक आणि अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार. निकाल योग्यच आहे. अपघातात घरातला माणूस गेलेल्यांनी खरा मालक शोधत किती दारं ठोठवायची? पण त्याचा अर्थ असा, की कागद व्हायच्या आधी किल्ली देणारा माणूस आपलं शिवार पणाला लावतो. माझ्या ओळखीच्या दोघांनी याच भीतीनं द्यायची ठरवलेली गाडी शेवटी भंगारात घातली.

यावर उपाय केंद्राच्या नियमांत आधीच आहे, म्हणून हे पत्र. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी वेगळे नियम लागू झाले. मालकानं गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली आणि पोर्टलवर तसं कळवलं, की पुढं नाव बदलेपर्यंत तो विक्रेता 'मानीव मालक' ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक मानतो आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते. हे गाड्यांचा धंदा करणाऱ्यासाठी होऊ शकतं, तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या वृद्धाश्रमासाठी, वसतिगृहासाठी, गोशाळेसाठी का नाही? नियम दिल्लीत बदलावा लागेल, हे मला कळतं. महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यानं मागणी लावून धरली, तर तिला वजन येईल. फॉर्ममध्ये 'दान' हा एक शब्द आणि संस्थेच्या नोंदणी क्रमांकाची एक ओळ हवी आहे.

राज्याच्या हातातलीही एक गोष्ट आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला आपल्याकडे पर्यावरण कर लागतो. संस्थेच्या नावावर दान म्हणून आलेल्या आणि फक्त संस्थेच्याच कामाला लागणाऱ्या गाडीला त्यातून आणि वाहन करातून सूट द्यावी. मोटार वाहन कायद्यानं शववाहिका आणि रुग्णवाहिका परमिटमधून वगळलेल्या आहेतच. चांगल्या कामाच्या गाडीला वेगळं मोजायची रीत कायद्याला नवी नाही.

पासिंगमध्ये मात्र सूट देऊ नका. आठ वर्षांनंतर दरवर्षी तपासणी होते, ती दानाच्या गाडीचीही व्हावी, आणि कडक व्हावी. ब्रेक न लागणारी, धूर ओकणारी गाडी संस्थेच्या दारात नेऊन सोडणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणं. शिवाय सूट घेऊन गाडी दुसऱ्याच दिवशी भाड्यानं फिरवणारेही निघतील. त्यांच्यासाठी तीन वर्षं विकायची नाही अशी अट घाला, मोडली तर सगळा कर दंडासह वसूल करा.

आयकराची सवलत मी मागत नाही. ती पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही, आणि तो विषय आपल्या खात्याचाही नाही. मला या गाडीतून काही परत नको आहे.

पिकअप सध्या आमच्या बेदाणा शेडच्या कडेला उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी वडील ती चालू करायला लावतात आणि इंजिन गरम होईपर्यंत काठी टेकून शेजारी थांबतात. त्यांचं वय ८१ आहे. त्यांच्या हातून ती किल्ली दिली जावी, एवढी माझी इच्छा आहे.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली