रोपवाटप 5 जूनला नको, 1 जुलैला करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले बागेचे सदर मी कापून ठेवते, तेव्हा ही तक्रार घरच्या माणसाची समजा. ते सदर लिहिणाऱ्यांनी एकदा वैशाखात अमळनेरला येऊन राहावे. मार्चमध्ये कुंड्या बदला, एप्रिलमध्ये नवी रोपे लावा, हा सल्ला माझ्या पुण्याच्या नणंदेला चालतो. आमच्याकडे एप्रिल निम्मा सरला की पारा 40 च्या खाली उतरायचे नाव घेत नाही, मे महिन्यात 44-45 पर्यंत जातो, आणि गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते. त्या दिवसांत मुळे हलवलेले रोप जगवायचे म्हणजे हट्टच.

आमचे बागेचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि पाऊस मुरल्यावर सुरू होते. मध्ये फक्त आहे ते जगवायचे. कोणी रोप आणून दिले की सासूबाई म्हणायच्या, "पानी पडू दे, मंग दखू." मृग लागला म्हणून त्या हुरळत नसत. पहिली सर येते, दोन दिवस गारवा राहतो आणि पुन्हा ऊन तापते. काळ्या जमिनीच्या भेगा बुजल्या का, हे त्या पाहत. परसातल्या भेगांत उन्हाळ्यात माझा हात मनगटापर्यंत जातो. त्या मिटल्या की गिलके, दोडके, कारल्याचे बी टोचायचे आणि भरताच्या वांग्याची रोपे लावायची. हिरवट-पांढरी, कमी बियांची ही वांगी थंडीत खरी चवीला येतात. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजली आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी असली की बागेचा खर्च वसूल. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी आषाढी एकादशीच्या सुमारास टाकावे. मेथी-कोथिंबिरीला दिवाळीची थंडी लागते. टोमॅटोही तेव्हाच, कारण पारा 35 च्या वर टिकला की त्याचा फुलोरा गळू लागतो.

फुलांमध्ये आमच्या हवेला मोगऱ्यासारखे दुसरे झाड नाही. पौषात पाणी तोडायचे, छाटणी करायची, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचे. ऐन उन्हाळ्यात, बाकीची बाग माना टाकते तेव्हा, तो बहरतो. सदाफुली, टगर, बोगनवेल, कढीपत्ता, शेवगा हेही तग धरतात. शेवंतीचा बहर ओसरला की तिचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्ले) सावलीला ठेवावे लागतात, तेवढी तिची खातिरदारी मी करते. हायड्रेंजिया आणि नाजूक फर्न मात्र महाबळेश्वरच्या सहलीत बघावेत.

आता रोपवाटिकांविषयी. पिशवीतले रोप बहुतेक लाल मातीचे असते. ते तसेच काळ्या जमिनीत पुरले की पावसाळ्यात भोवती पाणी साचते आणि मूळ कुजते. लावताना खड्ड्यातली माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून घ्यावे. आमची जमीन चुनखडीची, बोअरचे पाणी जड. त्यामुळे जास्वंद आणि एक्झोरा यांची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते. दुकानदार त्यावर महागडे टॉनिक देतो, तर शेतकरी शेणखतात थोडे हिराकस (लोहाचे क्षार) कालवतो. मी शेतकऱ्याचे ऐकते.

नळ आमच्याकडे रोज येत नाही. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी झाडांनाच जाते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र कुंडीत ओतू नये. त्यातल्या क्षारांनी पानांच्या कडा करपतात. आळ्यात केळीची वाळलेली पाने पसरली की ओल टिकते, आणि चोपडा-यावलकडे जाणे झाले तर ती फुकट मिळतात.

या पत्राचे खरे कारण वेगळे आहे. 5 जूनला, पर्यावरण दिनी, गावोगाव रोपे वाटतात, फोटो निघतात. तेव्हा आमच्याकडे पाऊस पोहोचलेला नसतो, जमीन तव्यासारखी तापलेली असते. गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत वाटलेली कडुनिंबाची आणि करंजाची रोपे मृग सरायच्या आत वाळली. झाडे चिवटच, पण रोप चिवट नसते. महाराष्ट्रात 1 जुलैला वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिन असतो, आणि त्याच दिवशी वनमहोत्सवाचा सप्ताहही सुरू होतो. तोवर जमिनीत बऱ्याचदा ओल असते. पर्यावरण दिनाला भाषणे आणि खड्डे व्हावेत, तापलेले खड्डे उन्हात राहिले तर चांगलेच. रोपे 1 जुलैला द्यावीत, आणि पाऊस लांबला तर आणखी थांबावे.

हा मुद्दा आपण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पानांवर मे महिन्यातच छापावा, म्हणजे वाटप करणाऱ्या मंडळांना तारीख बदलायला वेळ मिळेल. आणि सदरात खान्देशासाठी निराळी चौकट द्यावी, इंग्रजी महिन्यांऐवजी नक्षत्रांची. मजकूर लागला तर मी पाठवीन.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)