सामानातही कप्पे हवेत

संपादक महोदय,

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून निघालेल्यांची 7 किलोच्या केबिन बॅगेपायी धांदल उडते. पॅकिंग क्यूब, म्हणजे चेनच्या चौकोनी कापडी पिशव्या, इथे फार कामाला येतात. कपडे गुंडाळून दाबून भरले की मधली हवा निघते, जागा वाचते. वजन मात्र तेवढेच राहते, हे ध्यानात ठेवावे.

माझ्या सुती साड्या, परकर एकीत. गोळ्या नि चष्मा जाळीच्या दुसरीत. पुण्याच्या रात्रीच्या गाडीत रक्तदाबाची गोळी काढायला अख्खी बॅग उपसावी लागत नाही.

आमच्या शहापूर-वडगावात माग आहेत, शिलाई जाणणाऱ्या बायका आहेत. मग या पिशव्या बाहेरून का मागवायच्या? महिला बचत गटांनी हे काम जरूर हाती घ्यावे. मापे मी आनंदाने काढून देईन.

— एक निवृत्त शिक्षिका, शहापूर, बेळगाव