मजुरी सूर्य मावळण्याआधी

महोदय,

निवडणूक आली की उमेदवार 'ख्रिस्ती समाजाला काय हवं?' असं विचारतात आणि आम्ही कब्रस्तानाची जागा, कुंपणाची भिंत, सभागृह अशी यादी पुढे करतो. मागण्या रास्तच आहेत. पण बायबल वाचणाऱ्याने फक्त आपल्यापुरतं मागावं, हे मला पटत नाही.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आज्ञा आहे: मजूर आपला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्या. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला हजारामागे पैसे मिळतात, खराब ठरवलेल्या विड्यांचं नुकसान मात्र तिच्याच माथी. यंत्रमागावरच्या कामगाराची कथा वेगळी नाही. यांतले बहुतेक ख्रिस्ती नाहीत. आज्ञेला त्याने काय फरक पडतो? आपल्यातला कोणी नगरसेवक किंवा सरकारी कारकून असेल, तर त्याची प्रार्थना किती लांब यापेक्षा मजुरीचा तक्रारअर्ज त्याच्या टेबलावर किती दिवस पडून राहतो, ते पाहावं. (लांबलचक प्रार्थनांबद्दल प्रभूने इशारा दिलेलाच आहे.)

पुण्याच्या वाटेवर केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातल्या निराधार मुलींना आसरा दिला, शिकवलं, हाताला काम दिलं. त्या मुली काही ख्रिस्ती घरांतून आल्या नव्हत्या.

यंदा उमेदवार चर्चच्या आवारात आले, तर पाळकांनी त्यांना आधी किमान वेतनाबद्दल विचारावं. आणि मतासाठी येणारं पाकीट घ्यायचं नाही, हे रविवारच्या उपासनेत उघडपणे सांगावं.

- एक ख्रिस्ती वाचक, सोलापूर